पेशीच्या घरचे रहिवासी : एका शोधाचा इतिहास



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे त्यात एकही लढाई नाही, आणि त्याची भूमी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. ती भूमी म्हणजे सजीवाच्या पेशीच्या आतले एक घर. त्या घरासंबंधीचा प्रश्न मात्र कोणालाही कळण्याजोगा आहे. ज्या घरातून क्षणोक्षणी असंख्य मंडळी बाहेरगावी निघून जातात, त्याच घरात काही मंडळी जन्मभर टिकून राहतात. दार तर सर्वांना सारखेच उघडे. मग राहणारे राहतात कसे?

या प्रश्नाचे उत्तर मिळावयास विज्ञानाला विसाव्या शतकाचा बहुतेक काळ लागला. त्यातही आश्चर्य असे की, उत्तर शोधण्यात जेवढी वर्षे गेली त्याहून अधिक वर्षे हा प्रश्न विचारला जाण्यात गेली. आणि हे सारे दूरदेशीच्या प्रयोगशाळांतले असले, तरी पूर्णेच्या काळ्या मातीवर आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या संग्रामपूरकरांशी त्याचा दोन ठिकाणी थेट संबंध येतो. एक ठिकाण पटकीच्या साथीचे, दुसरे ज्वारीच्या भाकरीचे. त्या दोन्ही ठिकाणांपर्यंत आपल्याला जावयाचे आहे; पण आधी घराची ओळख करून घेऊ.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि पेशीची बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. त्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदलते. काही प्रथिने पेशीच्या आतच वापरली जातात, तर काही बाहेर पाठवावयाची असतात. स्वादुपिंडाचा पाचकरस, इन्शुलिन, रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे ही सारी बाहेर जाणारी प्रथिने होत. त्यांची घडण ज्या पडद्यांच्या जाळ्यात होते त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'आंतर्द्रव्यजालिका' असे नाव दिलेले आहे. मी सोयीसाठी नुसते 'जालिका' म्हणेन.

1897 साली शार्ल गार्निए या फ्रेंच संशोधकाला ग्रंथींच्या पेशींत रंग धरणारे काही धागेदार द्रव्य दिसले. ज्या पेशी रस पाझरवितात त्यांच्यातच ते विपुल असते, हे पाहून त्याने त्याला ग्रीक भाषेतील 'काम' या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले. पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गॉल्गी याने पेशीतले आणखी एक जाळे दाखविले. तेच आजचे 'गॉल्गी पिंड'. परंतु साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर मर्यादित. ही जाळी खरोखर पेशीत असतात की रंग चढविताना उत्पन्न होतात, याविषयी पंडितांत शंका होती, आणि गार्निएचे द्रव्य तर जवळजवळ पन्नास वर्षे अडगळीत पडून राहिले.

ते अडगळीतून बाहेर काढले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. 1945 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील कीथ पोर्टर आणि आल्बेर क्लोद यांनी, अर्नेस्ट फुलम यांच्या साहाय्याने, कोंबडीच्या गर्भातील पेशींची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत पातळ लेससारखे एक जाळे पेशीभर पसरलेले दिसले. 1953 च्या सुमारास पोर्टरने त्याला आजचे नाव दिले. आता घर दिसले होते. घरात काय चालते ते पाहावयाचे होते.

हे काम केले जॉर्ज पलाडे याने. रुमानियात जन्मलेला हा वैद्य 1946 साली अमेरिकेत गेला आणि रॉकफेलर संस्थेत क्लोदच्या सहवासात आला. जालिकेच्या पडद्यांवर मोहरीच्या दाण्यांसारखे कण चिकटलेले असतात, हे त्याने 1955 साली दाखविले. हेच आजचे रायबोझोम, म्हणजे प्रथिनांची माळ ओवणारी यंत्रे. पुढे जेम्स जेमिसन आणि पलाडे यांनी 1967 साली गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप घेऊन एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी त्या कापांना तीन मिनिटे किरणोत्सर्गी ल्युसिन दिले आणि मग साधे ल्युसिन दिले. तीन मिनिटांत जी प्रथिने घडली तेवढ्यांवरच खूण राहिली. ठराविक वेळाने पाहता ती खूण प्रथम जालिकेत, मग गॉल्गीकडे जाणाऱ्या लहान लहान पुटिकांत, मग साठवणीच्या कणांत आणि शेवटी पेशीबाहेर अशी सरकत गेलेली दिसली. पुटिका म्हणजे पडद्याच्याच बनलेल्या इवल्या पिशव्या. एका घरातून सुटतात आणि दुसऱ्या घराला जाऊन मिळतात. प्रथिनांच्या प्रवासाचा हा हमरस्ता सापडला आणि 1974 साली पलाडे, क्लोद व क्रिस्तियन द द्यूव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान दुसरा प्रश्नही सुटत आला होता. प्रथिन घरात शिरते कसे? गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी 1971 साली असा तर्क मांडला की, बाहेर जावयाच्या प्रथिनाच्या माळेचे पहिले काही मणी हेच त्याचे प्रवेशपत्र असते. 1975 साली ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरश्टाइन यांनी त्या तर्काला प्रयोगाचा आधार दिला. आत शिरताच ते प्रवेशपत्र कापून टाकले जाते, असे आढळले. या कार्यासाठी ब्लोबेलला 1999 साली नोबेल मिळाले.

इथवरचा इतिहास पाहा. कोण आत येतो आणि कोण कसा बाहेर जातो, एवढाच विचार झाला. सारे लक्ष प्रवाशांवर. घरात राहून राबणाऱ्यांचे काय? आत आलेली माळ नुसती आली म्हणून उपयोगाची होत नाही. तिला योग्य आकारात घडी घालावी लागते, गंधकाचे दुवे योग्य जागी जोडावे लागतात, बिघडलेली घडी उलगडून पुन्हा घालावी लागते. हे काम जालिकेतच वस्तीला असलेली प्रथिने करतात. ती त्याच दाराने आत आलेली असतात, त्याच पाण्यात तरंगत असतात आणि त्याच पुटिकांच्या तोंडाशी उभी असतात. लग्नघरातून वऱ्हाड निघून जाते आणि आचारी तेवढे मागे राहतात, याचे आपल्याला नवल वाटत नाही. कारण आचाऱ्याला आपले काम ठाऊक असते. प्रथिनाला काय ठाऊक? तरीही जोवर प्रवाशांचा रस्ता पुरता उलगडला नव्हता, तोवर 'हे का जात नाहीत?' हा प्रश्न कोणाला टोचला नाही.

1987 साली मात्र तो टोचावा अशी परिस्थिती उत्पन्न झाली. फेलिक्स वीलांड, जेम्स रॉथमन आणि त्यांचे सहकारी यांनी तीनच मण्यांची एक कृत्रिम माळ पेशीत सोडली. तिच्यावर कोणतीही प्रवासाची खूण असणे शक्य नव्हते. तरीही ती काही मिनिटांत पेशीबाहेर पडली. यावरून असे दिसले की, जालिकेतून बाहेर वाहणारा एक सर्वसाधारण ओघ आहे. जो अडत नाही तो वाहून जातो. पुष्कळ प्रथिनांना जलद बाहेर पडण्यासाठी स्वतंत्र खुणा लागतात हे पुढे कळले आणि या मताला मुरड घालावी लागली. पण त्या वेळी प्रश्न मोठा तीव्र झाला. ओघ सर्वांना नेतो, तर रहिवाशांना कोण धरून ठेवते?

उत्तराचा धागा इंग्लंडात केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि तोही दुसऱ्याच वस्तूचा शोध घेताना. ह्यू पेलहॅम आणि त्याचा तरुण सहकारी शॉन मन्रो हे उष्णतेचा धक्का बसला असता पेशी कोणती प्रथिने बनविते याचा अभ्यास करीत होते. 1986 साली त्यांच्या ध्यानात आले की, अशाच कुळातील एक प्रथिन जालिकेत राहते, आणि प्रतिपिंडाच्या अपुऱ्या तुकड्याला चिकटून बसणारे म्हणून ज्याला दुसऱ्या संशोधकांनी 'बिप' असे नाव दिले होते ते हेच. हे घडी घालणाऱ्या कामकऱ्यांपैकी एक. त्याच्या माळेचा क्रम हाती आल्यावर त्यांनी तो जालिकेतील दुसऱ्या दोन रहिवाशांच्या क्रमाशी ताडून पाहिला. तीन प्रथिने, कामे वेगळी, पण माळेच्या अगदी शेवटचे चार मणी तिन्हींत एकच होते : लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ल्युसिन. शास्त्रज्ञांच्या एकाक्षरी लिपीत हेच 'के-डी-ई-एल'.

योगायोग म्हणून सोडून देता आले असते. मन्रो आणि पेलहॅम यांनी तसे केले नाही. त्यांनी बिपच्या माळेची ती शेवटची अक्षरे कापली. बिप पेशीबाहेर वाहून गेले. त्यांनी ती तशीच ठेवून त्यांच्यापुढे आणखी काही मणी जोडले. तरीही बिप बाहेर गेले. म्हणजे ती अक्षरे नुसती असून भागत नाही, ती अगदी शेवटीच असावी लागतात. मग त्यांनी उलट बाजूने कसोटी घेतली. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे जातिवंत प्रवासी प्रथिन. त्याच्या टोकाला त्यांनी बिपचे शेवटचे सहा मणी जोडले, आणि तो प्रवासी जालिकेत राहू लागला! 1987 साली 'सेल' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. शेकडो मण्यांच्या माळेत घर ठरविणारे मणी अवघे चार निघाले.

आता कोणालाही वाटेल की, ही चार अक्षरे म्हणजे घरातल्या खुंटीला बांधणारी दोरी असावी. पेलहॅमला तसा विश्वास वाटेना. रहिवासी जर खुंटीला बांधलेले असतील तर तेवढ्या खुंट्या हव्यात. जालिकेत हे रहिवासी तर दाटीवाटीने भरलेले, आणि ते बांधल्यासारखे वागतही नाहीत. तेव्हा 1988 साली त्याने एक युक्ती केली. कॅथेप्सिन-डी नावाच्या प्रथिनाच्या शर्करेवर जालिकेच्या पुढच्या मुक्कामी एक रासायनिक खूण उमटते. त्याने या प्रथिनाला ती चार अक्षरे जोडून ते घरी राहील असे केले, आणि मग घरी सापडलेल्या प्रथिनाची तपासणी केली. त्यावर पुढच्या मुक्कामाची खूण होती.

याचा अर्थ आपल्या रोजच्या व्यवहारात सांगतो. संग्रामपुरातल्या एखाद्या घराच्या फडताळात एक पाकीट सापडले आणि त्यावर शेगावच्या टपालकचेरीचा शिक्का असला, तर ते पाकीट घराबाहेर कधी गेलेच नाही असे म्हणता येईल काय? ते शेगावला जाऊन परत आलेले आहे. तसेच हे प्रथिन. जालिकेचे रहिवासी बांधून ठेवलेले नसतात. ओघाबरोबर तेही बाहेर पडतात, आणि पुढच्या मुक्कामावरून कोणीतरी त्यांना ओळखून परत आणून सोडते. घरी राहणे म्हणजे पुनःपुन्हा घरी परत येणे, हा या शोधाचा गाभा आहे.

परत आणणारा तो कोण? त्याचा शोध यीस्टच्या, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाच्या, साहाय्याने लागला. यीस्टमध्ये शेवटच्या चार अक्षरांपैकी पहिले थोडे वेगळे, हिस्टिडिनचे, असते, बाकी तीच. पेलहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज या प्रथिनाला ती अक्षरे जोडली. इन्व्हर्टेज पेशीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उसाची साखर फोडते तेव्हाच यीस्टला ती साखर खाता येते. ते घरीच अडकले तर यीस्ट साखरेत बसून उपाशी! मग त्यांनी अशा यीस्टमधून त्या साखरेवर वाढू शकणारे बिघडलेले वाण निवडले. ज्यांची परत आणणारी व्यवस्था मोडली तेच जगणार, हे उघड होते. या वाणांतून 1990 साली 'ईआरडी-2' हा जनुक हाती आला. तो ज्या प्रथिनाचा नकाशा आहे तेच रहिवाशांना ओळखून परत आणणारे ग्राही प्रथिन. त्याच वर्षी आणखी एक साक्ष मिळाली. यीस्टच्या एका वेगळ्या जातीत खुणेचे पहिले अक्षर निराळे असते. त्या जातीचा हा जनुक आपल्या नेहमीच्या यीस्टमध्ये घातल्यावर ते यीस्टही ती परकी खूण ओळखू लागले. मनुष्याच्या पेशीतही याच कुळातले ग्राही सापडले.

हा ग्राही माल धरतो कोठे आणि सोडतो कोठे? यातही निसर्गाची काटकसर दिसते. गॉल्गी पिंडात किंचित आंबटपणा असतो, जालिकेत तो नसतो. आंबट जागी ग्राहीची पकड घट्ट बसते आणि जालिकेत पोचताच ती सैल पडते, हे 1993 साली प्रयोगाने दाखविण्यात आले. वेगळा हुकूम द्यावा लागत नाही. जागाच हुकूम देते. 2019 साली या ग्राहीची अणुरेणूंपर्यंतची रचनाही प्रसिद्ध झाली.

पडद्यातच रुतून बसलेल्या रहिवाशांची खूण निराळी. टॉमी निल्सन, मायकेल जॅक्सन आणि पेर पेटरसन यांनी 1989–90 साली दाखविले की, त्यांच्या पेशीद्रवात लोंबणाऱ्या शेपटीत टोकापासून ठरलेल्या जागी दोन लायसिन असतात. 1994 साली कळले की परतीच्या पुटिकांवर जे प्रथिनांचे वेष्टन चढते तेच ही खूण धरते. खूण वेगळी, पण न्याय तोच : निघालेल्यास परत आणणे.

ही व्यवस्था कोलमडली तर काय होते? जालिकेत कॅल्शियमचा मोठा साठा असतो. 1989 साली असे आढळले की, हा साठा रिता झाला म्हणजे चार अक्षरांचे रहिवासीसुद्धा पेशीबाहेर वाहून जाऊ लागतात. पुढे 2018 साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा सामुदायिक निर्गमनाचा सविस्तर अभ्यास केला; मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा असेच काही घडत असावे, या दृष्टीने हे संशोधन चालले आहे. आचारीच निघून गेल्यावर घरात येणाऱ्या कच्च्या मालाची घडी कोण घालणार? बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो आणि पेशी संकटात येते.

आता पटकीकडे वळू. आपल्या गावोगावी मरीआईची ठाणी आहेत. तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल ज्या भीतीतून उत्पन्न झाली ती भीती पटकीची. यात्रा-जत्रांच्या गर्दीतून, पाणवठ्यांवरून ही साथ पसरे, आणि सकाळी धडधाकट असलेला मनुष्य जुलाबांनी पाणी पाणी होऊन दिवसभरात दगावे. रॉबर्ट कॉख याने 1884 साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूची ओळख पक्की केली. पण जंतू आतड्यातच राहतो, रक्तात शिरत नाही. मग तो मारतो कसा? यामागे एखादे विष असावे ही शंका जुनी होती. ते विष प्रयोगाने सिद्ध केले कलकत्त्याच्या डॉक्टर शंभुनाथ डे यांनी. 1959 साली त्यांनी 'नेचर' मध्ये दाखविले की, जंतू गाळून काढलेला नुसता द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवितो. अत्यंत साध्या साधनांनी केलेला हा शोध पटकीच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला.

या विषाचा संपूर्ण क्रम 1983 साली प्रसिद्ध झाला. विषाचे दोन भाग असतात : पाच तुकड्यांचा एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो, आणि दुसरा खरा घातक. त्या घातक भागाच्या शेवटी कोणते चार मणी होते? लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसिन! अक्षरे छापली गेली होती. पण त्यांचा अर्थ लावण्याची किल्ली आणखी चार वर्षांनी केंब्रिजमध्ये मिळावयाची होती. आज आपल्याला ठाऊक आहे की हे विष पेशीच्या बाहेरून उलट्या रस्त्याने जालिकेपर्यंत जाते. ती चार अक्षरे दाखवून ते परत आणणाऱ्या ग्राहीकडून स्वतःला घरात पोचवून घेते. मग जालिकेतलाच एक कामकरी त्याची घडी उलगडून देतो, आणि ते बिघडलेल्या मालाच्या वाटेने पेशीद्रवात उतरून पाण्याचे दरवाजे उघडते. अक्षरे काढून टाकली तरी विष पुरते निकामी होत नाही, त्याचा प्रवास मंदावतो. परंतु घरच्या माणसाची खूण चोराने उचलावी, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पटकीचे प्राण हरण थांबविले ते या ज्ञानाने नव्हे. ते थांबविले स्वच्छ पाण्याने आणि मीठ-साखरेच्या पाण्याने. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ते मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर पाजले आणि हजारो जीव वाचविले. कारण कळण्याआधीही उपाय सापडू शकतो. कारण कळल्याने रोगाची वाट कळते, आणि उद्याचे उपाय त्या वाटेवर शोधता येतात.

शेवटचे ठिकाण आपल्या ताटातले. ज्वारी ही वऱ्हाडची जुनी भाकरी. सोयाबीन आले तसे तिचे क्षेत्र पुष्कळ आटले, तरी तिची चव कोणी विसरलेले नाही. कणीस दुधात येते, मग हुरड्यावर येते, त्या दिवसांत दाण्याच्या पेशींत काफिरिन नावाचे प्रथिन झपाट्याने साठत असते. ज्वारीच्या दाण्यातील प्रथिनांचा बहुतांश भाग हाच. हे काफिरिनही ब्लोबेलच्या प्रवेशपत्राने जालिकेत शिरते. पण बाहेर पडत नाही. जालिकेतच त्याचे गोल कण बनतात, एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. तूर-हरभऱ्यासारख्या डाळींत साठवणीची प्रथिने जालिका सोडून पुढच्या कोठारात जातात. ज्वारी, मका आणि भाताच्या एका प्रथिनकुळाने मात्र जालिकेलाच कणगी केली आहे.

मग काफिरिनच्या टोकाला ती चार अक्षरे असतील? नाहीत. येथे घरी राहण्याची दुसरी रीत दिसते. काफिरिनला पाणी मानवत नाही. त्याच्या माळा एकमेकींना चिकटून गोळा होतात, आणि एवढा मोठा गोळा पुटिकेत मावत नाही. मका आणि भातावरील अभ्यासात असे दिसले आहे की, हा गोळा जमताना बिप त्याला लगटून असते. म्हणजे चार अक्षरांनी परत येणारा रहिवासी बिनअक्षरांच्या रहिवाशाला घर करून देण्यात हातभार लावतो.

या कणाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. आत एका प्रकारचे काफिरिन, आणि बाहेर सालपटासारखे दुसऱ्या प्रकारचे, ज्यात गंधकाचे दुवे दाट. मोत्यासारखा टणक दाणा आणि जात्यावर होणारा त्याचा रवाळ दळ यांत या कणांचा वाटा मोठा आहे. पण त्याची किंमत आपल्याला मोजावी लागते. पाण्यात शिजविताना हे गंधकाचे दुवे आणखी घट्ट होतात आणि पाचकरसाला आत शिरता येत नाही. 1981 साली पेरू देशातील लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात ज्वारीच्या पेजेतला निम्म्याहूनही कमी नायट्रोजन शोषला गेला. 1987 साली ब्रूस हॅमेकर आणि जॉन ॲक्सटेल यांच्या चमूने शिजविताना गंधकाचे दुवे तोडणारी द्रव्ये मिसळली, तेव्हा पाचकता सुधारली. आजार कोठे आहे ते यावरून कळले. सुदानात ज्वारीचे पीठ आंबवून पेज करतात. तीत प्रथिन अधिक पचते असे तपासणीत दिसले. आपली आंबील त्याच जातीची. काफिरिनमध्ये लायसिन जवळजवळ नसते, आणि डाळींत ते भरपूर असते. भाकरीबरोबर वरण किंवा पिठले खाणाऱ्या आपल्या आजीला अमिनो आम्लांची नावे माहीत नव्हती, पण तिच्या ताटात हिशेब जुळत होता.

पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ज्वारीचा एक असा वाण मिळाला की ज्याचे प्रथिन शिजविल्यावरही चांगले पचते. 2000 साली त्याचे कण पाहता ते गोल नव्हते. त्यांच्या सालपटाला आत घड्या पडल्या होत्या आणि आतले काफिरिन उघडे राहिले होते. 2013 साली कारण सापडले. काफिरिनच्या प्रवेशपत्रात एकच मणी बदलला होता, त्यामुळे प्रवेशपत्र कापले जात नव्हते आणि ते प्रथिन जालिकेच्या पडद्याला अडकून राहात होते. 1975 साली ब्लोबेलने ज्या तुकड्याचे महत्त्व सांगितले, त्यातील एका मण्याने भाकरीची पचनशक्ती पालटते! तथापि हा दाणा पिठूळ आणि मऊ असतो. मऊ दाण्याला बुरशी व कीड लवकर लागते, आणि साठवणीतही तो टणक दाण्याची बरोबरी करीत नाही. म्हणून तो जसाच्या तसा आपल्या शेतात आणून चालण्यासारखे नाही. दाणा टणकही राहावा आणि पोराच्या अंगीही लागावा, असे वाण हवे. त्यासाठी जालिकेत काफिरिन कसे टिकते, कण कोणत्या क्रमाने बांधला जातो, याचे ज्ञान असणाऱ्याचीच गरज आहे.

गार्निएच्या धाग्यांपासून पेलहॅमच्या चार अक्षरांपर्यंत नव्वद वर्षे लोटली. त्यातली पहिली पन्नास वर्षे घर आहे की नाही या शंकेत गेली आणि पुढची चाळीस प्रवाशांच्या मागे जाण्यात. राहणाऱ्यांकडे पाहण्याची वेळ सर्वांत शेवटी आली, आणि पाहिले तेव्हा एका अल्पशा खुणेतून रोग, अन्न आणि पेशीचे जीवनमरण या तिन्ही गोष्टींचे धागे हाती आले. ज्वारीचे काम मात्र अजून पुरे व्हावयाचे आहे. या सभेतील शेतकऱ्यांच्या मुलामुलींपैकी कोणी ते हाती घेतले, तर या इतिहासाचे पुढचे पान आपल्या काळ्या मातीवर लिहिले जाईल.